आमची सावड बाकी आहे

"झाडूवाल्या बायांनी खुर्च्या मोकळ्या कराव्या. मागं कनातीपाशी थांबावं. जेवणं झाली की पत्रावळ्या उचलायच्यात."

माईकवरून. सगळ्या गावासमोर, जिल्ह्याहून आलेल्या साहेबांसमोर. बोलणारा सरपंचबाईचा नवरा. सरपंचपद बायकोचं, पण ती सहीपुरती. गाव त्यालाच मानतं, बप्पा म्हणतं. मी खुर्चीवर नुकती टेकले होते, पाठ अजून मागं लागली नव्हती. एका बाजूला शबानाभाभी, एका बाजूला रुक्मिणमावशी, मागच्या रांगेत आमच्या वस्तीतल्या बाकीच्या बाया. सगळ्या धुवट साड्या नेसून आलेल्या. मी तर पेटीतली लग्नातली साडी काढली होती. हौस बघा माझी.

गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं होतं. ज्या गल्ल्यांसाठी मिळालं त्या गल्ल्या आम्ही झाडल्या होत्या, तिथली गटारं आम्ही उपसली होती. कोणी मजुरी दिली नव्हती, आम्ही मागितली नव्हती. आज निदान नाव घेतील, असं धरून आम्ही आलो होतो. घेतलं की नाव. झाडूवाल्या.

सगळा मांडव मान वळवून बघत होता. रुक्मिणमावशी सगळ्यात आधी उठली. साठी ओलांडलेली बाई, गुडघ्याने अधू, एरवी उठायला दोन हात लागतात. त्या दिवशी ती चटका बसल्यासारखी उठली. तिची ती घाई मला बप्पाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागली. मग एकेक करत आम्ही सगळ्याच उठलो आणि मागे जाऊन उभ्या राहिलो. माझे कान जळत होते.

आम्ही तिथवर कशा पोचलो ते आता सांगते.

आमचं गाव केजपासून जीपने अर्ध्या तासावर. गाव उंचावर, आमची वस्ती उताराला. आम्ही मातंग. वस्तीच्या कडेला दोन-तीन घरं मुसलमानांची, त्यातलं एक शबानाभाभीचं. गावात सिमेंटची गटारं झाली तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. गटार आळीआळीतून वळणं घेत खाली आली आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी संपली. सिमेंट तिथं संपलं. पाण्याला कोण अडवणार? गावाच्या न्हाण्या, गोठे, संडासांच्या भरलेल्या टाक्या, सगळ्याचं पाणी भाभीच्या दारात साचायचं, तिथून माझ्या दारावरून जायचं आणि हातपंपाच्या कट्ट्याला वळसा घालून जिकडे उतार मिळेल तिकडे पसरायचं. त्या हातपंपाचं पाणी आम्ही पितो.

ओढा वस्तीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर आहे. गटार तिथवर न्यायची. एवढंच काम. ग्रामसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, "तुमची वस्ती आराखड्यात बसत नाही." वस्ती माझ्या आजेसासऱ्याच्या आधीपासूनची. घाण ओतायला बसते, आराखड्यात बसत नाही.

मागच्या पावसाळ्यात भाभीचा अयान आजारी पडला. रांगता रांगता नुकता उभा राहायला लागला होता. उलट्या आणि जुलाब. भाभीचा नवरा रफीकभाई केजला मोटारसायकली दुरुस्त करतो, त्या दिवशी नेमका घरी होता. पोराला घेऊन दोघं फाट्यावर गेले. मीही सोबत गेले. जीपवाला म्हणाला, सीटा भरल्याशिवाय निघत नाही. आत दोन माणसं बसलेली. रफीकभाईने सगळ्या सीटांचे पैसे हातावर ठेवले तेव्हा गाडी हलली. भाभी बाटलीच्या झाकणाने पोराला पाणी पाजत होती. पाणी ओठांवरून खाली येत होतं. केज यायच्या आधीच लेकरू संपलं. भाभीला कळलं होतं, पण दवाखान्याच्या दारापर्यंत ती झाकणाने पाणी पाजतच राहिली.

अयानचा चाळिसावा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात चूल पेटवत होते. बघते तर भाभी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून डबक्यात उतरलेली, हातात फावडं.

"भाभी, कावून उतरलीस गं? घाण हाय ती."

"घाण घरात आली तवा तिला कुणी इचारलं का, कावून आलीस म्हणून?"

मी चूल तशीच सोडली आणि उतरले.

आमचं मंडळ असं सुरू झालं. नाव नाही, अध्यक्ष नाही, फलक नाही. रविवारी सकाळी, रानात जायच्या आधी, ज्याला जमेल त्याने यायचं. दसऱ्यानंतर वस्तीतले बहुतेक गडी ऊसतोडीला जातात. माझा नवराही गेला होता. मी दरवर्षी जोडीने जायचे, यंदा मी नाही म्हणाले. माझी सोनी शाळेत जायला लागली होती. तिने फडावरच्या कोपीत, उसाच्या पाचटात वाढू नये असं मला वाटलं, म्हणून तिला घेऊन मी सासूबरोबर गावात राहिले. तेव्हा मंडळात बायाच जास्त. आम्ही डबकं उपसलं, भाभीच्या दारापासून ओढ्यापर्यंत चर खणला, हातपंपाच्या भोवती दगड रचून कट्टा उंच केला. रुक्मिणमावशीने शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून दिल्या. बांधताना तिची बडबड चालायची. म्हणायची, "माझ्या सासूनं जलमभर गावाला केरसुण्या दिल्या. दिवाळीला तेच्यावर हळद-कुकू वाहायचे, अन् तिला पायरीखालीच उभी करायचे. आता ही आपल्या दारासाठी हाय, म्हणून बांधती."

आणि खरंच, वस्तीचं आंगण कोरडं झालं. पोरं तिथं लगोरी खेळायला लागली. मावशीने गुळाचा चहा केला. मला आयुष्यात इतका अभिमान कशाचाच वाटला नव्हता, दहावी पास झाले तेव्हाही नाही.

पण चर मातीचा. आमची काळी माती भिजली की ढासळते. आठवड्यात चर अर्धा बुजायचा, रविवारी आम्ही परत उपसायचो. पक्की गटार पाहिजे होती, आणि ती आमच्या हातात नव्हती. ती गावाच्या हातात.

अशात बप्पा आला. मोटारसायकलवरून. खाली उतरला नाही, एक पाय टेकून बोलला.

"लई झ्याक काम केलं बायांनो. आता गाव स्पर्धेत उतरतंय. तुमी वरल्या आळ्यांत हात लावा. मंग आखं गाव खाली आणतो तुमच्याकडं. गटार पक्की, पार वढ्यापस्तोर. शब्द हाय माझा."

आम्हाला तो व्यवहार लगेच कळला. निदान कळला असं वाटलं. आम्ही त्याला सावड समजलो.

सावड ही आमची रोजची चाल. माझ्या तुकड्यात खुरपायचं आलं की चार जणी माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे आलं की मी जाते. मजुरी कोणी कोणाला देत नाही, लिहून ठेवत नाही. जिची पाळी आली तिच्या रानात सगळ्यांनी जायचं. बाळंतीण असेल तर तिच्या वाटची तिची जाऊ येते. सावड बुडवली असं आमच्या वस्तीत मी कधी ऐकलं नाही. बुडवणाऱ्या बाईला कोणी पाण्यालासुद्धा विचारणार नाही. तर आम्ही धरलं की आधी पाळी वरच्या आळ्यांची, मग आमची. ठीक आहे. गाव मोठं, त्यांची पाळी आधी घेऊ.

रविवारी आम्ही वर जायला लागलो.

कोणीही आमच्याबरोबर झाडू हातात घेतला नाही. पहिल्या रविवारी वाटलं, लोकांना अजून कळलेलं नाही. नंतरच्याला वाटलं, सण जवळ आलाय, गडबड असेल. माणूस स्वतःची समजूत किती काढू शकतो! ओसरीवर बसून चहा पिणारी माणसं पाय वर घ्यायची, आम्ही त्यांच्या पायाखालून झाडायचो. एक बाई उंबऱ्यातून ओरडली, "अगं ए, हितलं ऱ्हायलं बघ," आणि घरातला केर माझ्या झाडूपुढे ढकलला. ताजा, तिच्या घरातला. पाणी मागितलं तर तांब्या उंच धरून ओंजळीत ओतलं. आता कोण पाळतंय, असं शहरातले लोक म्हणतात. त्यांनी रविवारी आमच्या गावात येऊन पाणी मागून बघावं.

एक जण फोनवर आमचे फोटो काढायचा. "हसा की मावशी," म्हणायचा. मावशी हसायची.

मी बप्पाला दोनदा गाठून विचारलं. "बप्पा, आमच्याकडं कवा येता?"

"येऊ की. पळून चाललीय का तुमची गटार?"

तिकडे आमचा चर बुजत होता. रविवार वर जायचा आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या रानात कापूस वेचण्यात. डबकं परत भाभीच्या दारात आलं, मग माझ्या. ज्या हातांनी आम्ही वस्ती कोरडी केली होती तेच हात आता वरचं पाणी आणखी जोरात खाली लोटत होते. वरच्या गटारातला गाळ निघाला, त्यामुळे तिथली घाण न अडखळता थेट आमच्याकडे येऊ लागली. भाभी एकदा झाडता झाडता थांबली आणि म्हणाली, "हे आपुनच आपल्या अंगावर ओतायलोत." मी तिला म्हणाले, थोडं थांब, आता आपली पाळीच आहे.

सोनीचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी आधी उन्हाला दोष दिला. मग तिने खाणं सोडलं. मग ती उभी राहीना. मी तिला पाठीवर घेऊन फाट्यावर गेले, आणि जीपमध्ये बसल्यावर मला अयान आठवला. मी सारखी तिच्या नाकापुढे हात धरत होते. केजच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कावीळ, लिव्हरला सूज आहे. विचारलं, पाणी कुठलं पिता? मी सांगितलं. ते म्हणाले, उकळून प्या. उकळून! सरपण आणायला वेळ कधी, आणि घागरीच्या घागरी उकळायच्या कशात? पण मी मान हलवली. डॉक्टरांचा काय दोष.

नवऱ्याला फोन केला. त्याच्या मागून कोयत्यांचा आवाज येत होता. तो रडायलाच लागला. म्हणाला, "मुकादम सोडत न्हाई. टोळी अर्ध्यात सोडली तर पुढल्या साली कुणी उभं करायचं न्हाई." मी त्याला म्हणाले, नको येऊ. फोन ठेवला आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून मी भिंतीवर डोकं आपटलं. मला कोणीच नाही असं वाटत होतं. पोरगी आत सलाईनवर, नवरा तिकडे उसात, आणि मी गावाच्या गल्ल्या झाडत बसले होते, आपली पाळी येईल म्हणून.

सोनी वाचली. घरी आणली तेव्हा अंगावर कातडं आणि हाडं. आणि गावाला बक्षीस मिळालं होतं.

म्हणून तो मांडव. मांडवाची एक कनात बप्पाने मुद्दाम आमच्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर लावली होती, चांगली जाड, दुहेरी. आम्ही सकाळी आलो तेव्हा मला वाटलं, उन्हासाठी असेल.

तर आम्ही त्या कनातीपाशी उभ्या होतो. लोक पंगतीला बसले होते. कनातीतून आमच्या डबक्याचा वास येत होता. साहेबांनाही आला असावा. त्यांनी रुमाल काढला आणि विचारलं, "इकडे मागे काय आहे?"

बप्पा म्हणाला, "काही न्हाई साहेब. रान हाय."

आम्ही पाच पावलांवर उभ्या होतो. आम्हाला ऐकू जातंय की नाही याची त्याला फिकीरही नव्हती. शबानाभाभीचं घर, तिचं मेलेलं लेकरू, माझी सोनी, सासू, मावशी. रान.

पंगत उठली. लोक हात धुवायला गेले. रुक्मिणमावशी पुढे झाली आणि पहिल्या पत्रावळीवर वाकली. कोणी दुसऱ्यांदा सांगितलंही नव्हतं. मी तिचं मनगट धरलं. बारीक मनगट, काडीसारखं. ती माझ्याकडे बघायला लागली. "सोड गं पोरी, वरडतेल," ती पुटपुटली. मी सोडलं नाही.

बप्पाने बघितलं. "काय झालं? उचला की."

मी म्हणाले, "बप्पा, आमची सावड बाकी हाय. आदी ती फेडा."

"कसली सावड?"

"आमी तुमच्या आळ्या झाडल्या. आता तुमची पाळी. आमच्या गटारात उतरायची."

आधी बप्पा हसला. मग आजूबाजूचे हसले. हात धुऊन आलेले, पान खाणारे, खुर्च्या उचलणारे, सगळे हसले. बराच वेळ हसत होते. मग बप्पा मला समजावून सांगायला लागला, लहान पोराला सांगावं तसं, अगदी शांतपणे.

"अगं बाई, सावड बरोबरीच्यात असती. तुमचं तर कामच हाय ते."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बप्पाने आम्हाला फसवलं होतं असंसुद्धा नव्हतं. आमची पाळी आहे, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. आम्ही आमच्या दारात झाडू घेतला, त्याने तो पाहिला, आणि त्याला वाटलं, चला, या परत आपल्या कामाला लागल्या. आम्ही ज्याला समाजसेवा म्हणत होतो ते वरून बघणाऱ्याला आमच्या सासवांचं जुनं काम दिसत होतं. मला राग आला. शरमही वाटली. पण ती शरम आता माझी नव्हती, आणि ती कोणाची आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

मी वळले आणि कनातीची दोरी सोडली. गाठ घट्ट होती. भाभीने दुसरी बाजू सोडली. कनात खाली पडली. समोर आमची वस्ती. डबकं. हातपंप. पंपाच्या कट्ट्यावर सासूने वाळत घातलेली सोनीची गोधडी.

"साहेब, हे रान न्हाई," मी म्हणाले. "आमी हितं ऱ्हातो."

साहेबांनी बघितलं. खरंच बघितलं, मला वाटतं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, पुढच्या गावाला उशीर होतोय. गाडी गेली. आम्ही पत्रावळ्या तशाच टाकून उतरलो. मागून बप्पा ओरडला, "बघतो तुमच्याकडं!"

दुसऱ्या दिवशी आम्ही रानात गेलो नाही. सिमेंटची गटार जिथे संपते तिथे तिच्या तोंडात आम्ही दगड भरले, वर माती चोपली, त्यावर पुन्हा दगड. बांध घातला. गावाचं पाणी गावात.

संध्याकाळपर्यंत खालच्या आळीत पाणी तुंबलं. मग वरच्या वळणापर्यंत चढलं. आमच्या दारासमोरची माती दोन दिवसांत वाळली आणि मला त्याचा आनंदही धड घेता आला नाही, कारण गिरणीवाल्याने आमचं दळण घ्यायचं बंद केलं. गिरणी चालू, पट्टा फिरतोय, आणि हा म्हणतो, "लाईट न्हाई." कापूस वेचायला शेजारच्या गावातून टेम्पोने बाया आणल्या. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणायला लागला. कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर आलं नाही. फक्त आमच्याकडे बघायचं बंद केलं. हवालदार आला, म्हणाला, "बाई, सरकारी कामात अडथळा होतो हा. काढून टाका, नाहीतर सगळ्यांची नावं जातील." मी विचारलं, सरकारी काम ओढ्यापर्यंत का येत नाही? त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला.

वस्तीत भांडणं सुरू झाली. माझी सासू रोज माझा उद्धार करायची. "तुझ्या एकटीच्या तोऱ्यापायी आख्खी वस्ती उपाशी मारतीस व्हय? बप्पाच्या घरची ज्वारी खाऊन आमी जगलो." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या भाकरीच्या टोपल्यात खरंच काही नव्हतं.

एका दुपारी, आम्ही बाया लांबच्या गावात काम शोधायला गेलो असताना, जेसीबी आला. बांध एका घासात उचलला. इतक्या दिवसांचं तुंबलेलं पाणी एकदम सुटलं. भाभीच्या घरातून माझ्या घरात, चुलीवरून, दळणाविना पडलेल्या माझ्या ज्वारीच्या पोत्यातून. सासूने सोनीला कडेवर घेतलं आणि उपड्या पाटीवर चढून उभी राहिली. मी आले तेव्हा ती तशीच उभी होती आणि सोनी तिच्या खांद्यावर ओकत होती. गावाचं गू घोट्यापर्यंत. मी दारात उभी राहून बोंबलले. शब्द नव्हते, नुसतं बोंबलले. कोणी आलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरात तेच होतं.

त्याच संध्याकाळी मी सोनीला एसटीत घालून वडवणीला माझ्या आईकडे नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, परत कावीळ झाली तर सांगता येत नाही. सोनी एसटीत मला चिकटून झोपली होती. मी तिला आईच्या मांडीवर ठेवली आणि ती जागी व्हायच्या आत परत निघाले. जागी झाली असती तर मला निघता आलं नसतं.

परत आले तर बांधाच्या जागी रुक्मिणमावशी एकटी. तिने तिच्या ओट्याचे दगड काढायला सुरुवात केली होती. सासऱ्याने घातलेला ओटा, तिच्या घरातली एकुलती एक पक्की गोष्ट. एकेक दगड पोटाशी धरून आणत होती. मला बघून म्हणाली, "जलमभर वाकले. आता हितं वाकती. धर दुसरीकून." मी धरलं. मग भाभी आली. मग बाकीच्या आल्या. माझी सासू सगळ्यांच्या शेवटी आली आणि तिने पाटी उचलली.

दुसरा बांध पहिल्यापेक्षा रुंद झाला. आता तिथे दिवसा कोणी ना कोणी बसलेलं असतं. जेसीबीला आधी आमच्या अंगावरून जावं लागेल.

काल ग्रामसेवक आला. बप्पाचा निरोप घेऊन. चेहरा अगदी मऊ. सगळी वस्ती गोळा झाली. तो म्हणाला, "बप्पा गटार करून द्यायला तयार आहेत. ओढ्यापर्यंत, पाइप टाकून. फक्त त्यांचं एक म्हणणं आहे. बांध काढा, आणि उद्या रविवारी सगळ्या बाया चावडीसमोर येऊन झाडून जा. एकदाच. गावाचा मान राहील. मग गिरणी चालू, काम चालू, सगळं चालू."

मला सगळ्यांची तोंडं दिसत होती. किती दिवस झाले, पोटभर कोणी जेवलं नव्हतं. एकदाच झाडायचं. एक सकाळ. गटार होईल, सोनी घरी येईल. माझ्या मनात आलं, हो म्हणावं. खरं सांगते, जिभेवर आलं होतं. सासू माझ्याकडे बघत होती. मावशी बांधावर बसली होती, तिने मान खाली घातली नव्हती.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, बप्पाला सांगा. आमची पाळी झालेली हाय. आता त्यांची. उद्या रविवारी ते येतील. त्यांचा भाऊ येईल, पोरं येतील, सूनबाई येतील. भाभीच्या दारापासून सुरू करायचं अन् वढ्यापस्तोर खणायचं. त्यांच्या हातानं. मजूर लावायचा न्हाई. ते झालं की बांध आमी काढू. पाइप मंग टाका."

ग्रामसेवक हसायला लागला. "असं कुठं असतंय का बाई?"

"सावडीत असंच असतंय."

"ते नाही यायचे. तुम्हालाही माहितीये."

"मंग पाणी वरच ऱ्हाऊ द्या."

तो भाभीकडे वळला. ती म्हणाली, "मी दार उघडं ठेवती." तो सासूकडे वळला. सासू म्हणाली, "मला कावून इचारता? ती बोलली की."

तो गेला. रात्रीपुरती ज्वारी दोन घरांत होती, ती शिजवून सगळ्यांनी वाटून खाल्ली.

आज रविवार. कोणी आलेलं नाही. वडवणीहून आईचा फोन आला, सोनी विचारते, मी घरी कधी येऊ? मी आईला म्हणाले, तिला खोटी तारीख देऊ नको. ज्या दिवशी बप्पा माझ्या दारातल्या गाळात घोट्यापर्यंत उभा राहून फावडं मारेल, त्या दिवशी मी तिला आणायला येईन. आधी येणार नाही, आणि बांधही हलणार नाही. मला समजवायला कोणी येऊ नये.